गेंड्या भुंग्याचा नकाशा

माडाची नवी झावळ उलगडते आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या पात्यांना सारख्या अंतरावर त्रिकोणी काप पडलेले दिसतात. कोकणातल्या बागायतदाराला ही खूण पाठ असते. खूण आज दिसली तरी घाव जुना असतो. कोंब घट्ट मिटलेला असताना भुंग्याने त्यात आडवे भोक पाडलेले असते. पुढे काही आठवड्यांनी कोंब मोकळा होतो तेव्हा त्या एका भोकाची नक्षी झावळभर उमटते. आकाशकंदिलासाठी घडी घातलेल्या कागदाला कात्रीने एकच काप द्यावा आणि घडी उघडल्यावर रांगच्या रांग दिसावी, तसा हा प्रकार आहे. झावळीवर नक्षी दिसेपर्यंत भुंगा बहुधा दुसऱ्या माडावर पोचलेला असतो.

हा गेंड्या भुंगा. शास्त्रीय नाव ओरिक्टेस ऱ्हायनोसेरॉस. कार्ल लिनियसने १७५८ साली, प्राण्यांना दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत जिथून सुरू झाली असे मानतात त्या ग्रंथातच याची नोंद केली. शेणकिडे, प्राचीन इजिप्तमध्ये पूजनीय ठरलेला स्कॅरॅब आणि आपल्याकडे उसाच्या मुळाशी लागणारी हुमणी ही सगळी याच कुळातली मंडळी. नारळ पिकवणाऱ्या जगात मात्र यांपैकी याच एकाची दहशत आहे. भारतापासून हवाईपर्यंतच्या सरकारांनी त्याच्यासाठी कायदे केले, मोहिमा काढल्या, जहाजे तपासली. तरीही गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत त्याचा मुलूख वाढतच गेला. तो कसा वाढला हे नकाशावर बारकाईने पाहिले, तर भुंग्यापेक्षा माणसाच्याच हालचाली अधिक दिसतात. हा लेख त्या नकाशाबद्दल आहे.

आधी त्याचे रूप. तळहातावर घेतला तर वजन जाणवेल असा हा किडा. लांबी साधारण साडेतीन ते पाच सेंटीमीटर. पाठ काळी किंवा गडद तपकिरी आणि चकचकीत; पोटाकडची बाजू तांबूस, तिच्यावर बारीक लव. डोक्यावर मागे वळलेले एक शिंग. शिंग नर आणि मादी दोघांनाही असते. नराचे बहुधा लांब असते खरे, पण लहानपणी नीट पोसल्या न गेलेल्या नराचे शिंग मादीइतकेच आखूड राहते. म्हणून नुसत्या शिंगावरून नर-मादी ओळखू गेल्यास फसगत होते. खरी ओळख शेपटाकडे. मादीच्या पोटाच्या टोकाला तांबूस केसांचा दाट झुपका असतो. नराचे ते टोक गुळगुळीत आणि चकाकते. मानेमागच्या ढालीवर एक मोठा खोलगट भाग असतो आणि त्याच्या मागच्या काठावर दोन उंचवटे. पुढच्या पायांना खणायला उपयोगी पडणारे दाते असतात. चिमटीत धरला की तो अंग घासून करकर आवाज काढतो. चावत मात्र नाही, विषारी तर नाहीच. शहरातल्या मुलांना त्याची भीती वाटते ती आकारामुळे. ती घालवायची असेल तर त्याला त्यांच्या हातावर ठेवून पाहावे.

दिवसा तो दिसत नाही. तिन्हीसांजेनंतर जड घोंघावत उडतो, पावसाळ्यात कधी पडवीतल्या दिव्यावर येऊन आपटतो. शेंड्यावर उतरल्यावर झावळीच्या बेचक्यातून आत शिरतो आणि कोवळ्या गाभ्याकडे बोगदा खणत जातो. इथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. हा भुंगा लाकूड किंवा पान खात नाही. कोवळा भाग चावून त्यातला रस तेवढा पितो आणि चोथा मागे ढकलतो. भोकाच्या तोंडाशी तंतूंचा ओलसर भुगा लोंबताना दिसला तर भुंगा आत आहे असे समजावे. जुने जाणते पाडेली हे भोक पाहून लोखंडी तारेचा आकडा आत घालतात आणि भुंगा अडकवून बाहेर ओढतात. भोके शोधण्याइतकी नजर असलेला माणूस गावात असेल, तर इतका नेमका इलाज दुसरा नाही. वांधा असा की माडावर चढणारेच आता कमी झालेत.

हे नुकसान एवढे जिव्हारी का लागते, त्याचे कारण माडाच्या देहातच आहे. आंब्याची एक फांदी गेली तर दुसरी फुटते. माडाला फांदी नाही. वाढीचा गाभा एकच, तोही शेंड्याच्या अगदी मध्यावर. उंच जातीचा माड वर्षाला साधारण बारा झावळ्या काढतो आणि प्रत्येक झावळीच्या बेचक्यातून एक पोय म्हणजे फुलोरा येतो. भुंग्याने मिटलेली पोयच कोरली तर त्या महिन्याचे नारळ गेले. मोठा माड सहसा एवढ्याने मरत नाही, रोडावतो. पण दोन-तीन वर्षांच्या रोपात बोगदा गाभ्यापर्यंत पोचला, की रोप संपले. आणि भुंग्यामागून त्याच जखमेच्या वासावर दुसरा येतो तो लाल सोंड्या भुंगा. सोंड्याची मादी त्या भोकात अंडी घालते, तिच्या अळ्या खोड आतून पोखरतात आणि मग उभा माड कोसळतो. बागेत माड मेला की दोष गेंड्याला देतात. पुष्कळदा गेंड्याने फक्त दार उघडून दिलेले असते.

आता त्याचे बालपण. नकाशाची किल्ली इथेच आहे. मादी अंडी घालते ती माडावर नव्हे, तर कुजणाऱ्या वस्तूत. शेणखताचा खड्डा, उकिरडा, गिरणीबाहेर साचलेला लाकडाचा भुसा, सडका पालापाचोळा आणि सगळ्यांत आवडती जागा म्हणजे मेलेल्या माडाचे कुजते खोड, मग ते पडलेले असो की उभे. अंडी पांढरी, तीन-चार मिलिमीटरची. आठ-बारा दिवसांत अळी निघते. डोके तपकिरी, अंग मळकट पांढरे, कायम अर्धवर्तुळात वळलेले. या अळीच्या आतड्यात मागच्या बाजूला एक पिशवी असते आणि तिथले सूक्ष्मजीव लाकडातला काष्ठांश फोडून तिला पचवून देतात. तीन-चार महिने ते अर्धे वर्ष अशी ती कुजके खात, दोनदा कात टाकत वाढते, माणसाच्या अंगठ्याहून जाड होते. मग कोष करते. कोषातून बाहेर आलेला भुंगाही काही आठवडे तिथेच मातीत पडून कवच कडक होण्याची वाट पाहतो. पुढे प्रौढ म्हणून तो काही महिने जगतो.

याचा अर्थ, आयुष्याचा मोठा भाग हा प्राणी आपल्या माडाला शिवतही नाही. अळीपणी तो कुजके पचवून माती करण्याचे काम करतो, आणि जंगलात ते काम फार मोलाचे आहे. शेणखत उपसताना या अळ्या निघाल्या की शेतकरी घाबरतात, हुमणी समजून खतच टाकून देतात. हुमणीची अळी जिवंत पिकाची मुळे खाते. गेंड्याच्या अळीला जिवंत मुळाचे काही पडलेले नाही. ओळखायची खूण सोपी आहे. हुमणीच्या अळीच्या शेवटच्या खंडाखाली राठ केसांच्या दोन ठळक रांगा असतात. तिसरी एक अळी आहे, ती फुलभुंग्यांची. जमिनीवर सोडली तर ती पाय वर करून पाठीवर सरकत जाते. तिने कुणाचे काहीच बिघडवलेले नसते, खत मात्र चांगले करते. ती दिसली तर कृपा करून मारू नका.

तर या भुंग्याला दोन गोष्टी हव्यात: जवळ जिवंत ताडवर्गीय झाड आणि त्याच्याही जवळ कुजणारा ढीग. नारळावर त्याचा जीव अधिक, पण तेलताड, खजूर, ताड, शिंदी, क्वचित सुपारी, केळी आणि ऊसही त्याला चालतात. या दोन्ही गोष्टी जिथे पहिल्यापासून होत्या तो त्याचा मूळ मुलूख: भारत, श्रीलंका, म्यानमार, थायलंड, मलाया, इंडोनेशियाची बेटे, फिलिपिन्स, दक्षिण चीन, तैवान. आपला कोकण-गोव्याचा किनारा त्याचे माहेरच म्हणायचे. इथे त्याला खाणारे, त्याला रोग लावणारे सोबतच वाढले, म्हणून हजारो वर्षे तो आणि माड दोघेही टिकले.

त्या पलीकडे प्रशांत महासागर. पाण्यावरून हजारो किलोमीटर उडत जाणे या जड किड्याच्या आवाक्यातले नव्हते. १९०९ साली मात्र तो सामोआ बेटांवर सापडला. तेव्हा ती बेटे जर्मनीच्या ताब्यात होती. सिलोनहून म्हणजे श्रीलंकेहून रबराची रोपे आणली गेली होती आणि त्यांच्या मुळांभोवतीच्या मातीतून तो आला असे मानले जाते. सामोआचे सगळे जीवन खोबऱ्यावर चालायचे. जर्मन सरकारने, आणि १९१४ नंतर बेटे ताब्यात घेतलेल्या न्यूझीलंडनेही, भुंगे आणि अळ्या गोळा करणे लोकांवर सक्तीचे केले. गावेच्या गावे ठरलेल्या दिवशी उकिरडे उपसत. भुंगा हटला नाही.

पण १९२१ मध्ये तो टोंगाच्या उत्तरेकडच्या निउआटोपुटापु या छोट्या बेटावर पोचला, तिथली गोष्ट वेगळी आहे. बेट लहान होते. लोकांनी कुजकी खोडे, ढीग, पाचोळा काढून जाळून टाकला आणि १९३० पर्यंत भुंगा संपवला. औषध नव्हते, सापळा नव्हता, विषाणू नव्हता. एकदा पाय रोवलेला हा भुंगा एखाद्या बेटावरून पुरता निपटला गेल्याचे हे सर्वांत नावाजलेले उदाहरण, आणि ते निव्वळ साफसफाईचे आहे. माझ्या दृष्टीने या भुंग्याच्या सगळ्या इतिहासातली हीच सर्वांत महत्त्वाची नोंद. तिच्याबद्दल फार कमी लिहिले जाते, कारण तिच्यात विकण्यासारखे काही नाही.

पुढचा मोठा विस्तार युद्धाने केला. १९४२ मध्ये तो जपानी ताब्यातल्या पलाऊमध्ये आणि न्यू ब्रिटन बेटावरच्या रबाउल बंदरात आढळला. सैन्याची जहाजे आणि माल बेटाबेटांवर फिरत होता. बॉम्बवर्षावाने आणि तळ उभारणीने हजारो माड आडवे झाले आणि ती खोडे तशीच कुजत पडली. भुंग्याला एवढे अन्न एका जागी शांततेच्या काळात कधी मिळाले नसते. पलाऊमध्ये दहाएक वर्षांत सुमारे निम्मे माड गेले. त्यानंतर १९५२ टोंगाची इतर बेटे, १९५३ फिजी, १९६२ मॉरिशस, १९६३ टोकेलाऊ. या क्रमात बंदरे आहेत, मालवाहू जहाजे आहेत, वसाहतींचे मळे आहेत. भुंग्याची स्वतःची मजल त्यात जवळजवळ दिसतच नाही.

१९६० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने दक्षिण प्रशांत आयोगाने याच्याविरुद्ध मोठा प्रकल्प हाती घेतला. आधी शत्रू आयात करून पाहिले होते. झांझिबारहून स्कोलिया नावाची गांधीलमाशी सामोआत आणली होती. तिची मादी अळीला डंख मारून बधिर करते आणि तिच्यावर अंडे घालते. माशी तिथे रुजली, भुंगा फारसा कमी झाला नाही. मग अलॉइस ह्यूगर या जर्मन शास्त्रज्ञाने वेगळा विचार केला. भुंगा जिथला मूळचा, तिथे तो आटोक्यात आहे; मग तिथे त्याला कोणता आजार होतो ते शोधावे. १९६३ मध्ये तो मलायात गेला आणि खताच्या ढिगांत, कुजक्या खोडांत आजारी अळ्या शोधत फिरला. त्याला फुगलेल्या, अर्धपारदर्शक दिसणाऱ्या अळ्या सापडल्या. त्यांच्यात एक अज्ञात विषाणू होता. १९६६ मध्ये ह्यूगरने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९६७ पासून तो सामोआत सोडला गेला.

हा विषाणू अळीला मारतो, पण त्याची खरी करामत प्रौढ भुंग्यात दिसते. बाधा झालेला भुंगा लगेच मरत नाही. तो उडतो, जोडीदार शोधतो, ढिगाऱ्यात जातो आणि विष्ठेतून विषाणू सगळीकडे टाकत जातो. बाधित मादी कमी अंडी घालते, भुंगे कमी खातात आणि लवकर मरतात. म्हणून विषाणू पसरवायला फवारणी लागली नाही. भुंगे पकडायचे, त्यांना बाधा करायची आणि सोडून द्यायचे. सामोआ, टोंगा, फिजी अशा बेटांवर नुकसान स्पष्टपणे उतरले. आपल्याकडे केरळातल्या भुंग्यांत हा विषाणू मुळातच आढळला आणि १९८० च्या दशकात कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पिके संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तो लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर सोडून तिथला भुंगा दाबला. बेटावर भुंगा किती आणि विषाणू किती हे नीट मोजता येते, म्हणून तो प्रयोग विशेष बोलका ठरला.

दुसरा साथीदार आहे एक हिरवी बुरशी, मेटारायझियम. या गटातल्या बुरशीचा शोध इल्या मेचनिकोव्ह याने १८७९ मध्ये युक्रेनच्या ओडेसा भागात गव्हावर पडणाऱ्या एका भुंग्याच्या अळ्यांवर लावला. पुढे १९०८ मध्ये शरीराच्या प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी त्याला नोबेल मिळाले. गव्हावरचा तो भुंगाही गेंड्याच्याच कुळातला. बुरशीने मेलेली अळी आधी कडक होते, मग तिच्यावर हिरवट पूड चढते. शेणखतात अशी अळी दिसली तर ती बाहेर फेकू नये. तिथेच ठेवली की बुरशी ढिगात पसरते.

तीस-पस्तीस वर्षे नकाशा जवळजवळ थांबला होता. २००७ मध्ये अमेरिकेच्या ताब्यातल्या ग्वाम बेटावर, टुमोन खाडीच्या पर्यटन भागात भुंगा सापडला. उच्चाटनाची मोहीम फसली. विषाणू वापरून पाहिला तर तो लागू पडेना. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या भुंग्यांचा वंश जनुकीयदृष्ट्या वेगळा असल्याचे आणि तो विषाणूला दाद देत नसल्याचे मांडले गेले. नंतरच्या अभ्यासांत याच वंशाच्या भुंग्यांमध्येही विषाणू सापडला आहे, त्यामुळे हे प्रकरण पहिल्यांदा वाटले तितके सरळ राहिलेले नाही. २०१३ च्या डिसेंबरात हवाईतल्या ओआहू बेटावर, पर्ल हार्बर-हिकॅम लष्करी तळाच्या परिसरात तो आढळला. २०१५ मध्ये सॉलोमन बेटांची राजधानी होनिआरा, २०१९ मध्ये न्यू कॅलिडोनिया. २०२३ मध्ये हवाईच्या कावाई, माउई आणि हवाई या आणखी तीन बेटांवर. आता जहाजांच्या जोडीला विमाने आहेत आणि बागकामाचा व्यापार आहे. हवाईत सर्वांत कडक निर्बंध आले ते झाडपाला, लाकडाचा चुरा आणि कंपोस्टच्या वाहतुकीवर, कारण अळ्या गोणीतून प्रवास करतात.

ग्वामच्या लोकांनी एक साधी युक्ती काढली. मासेमारीचे बारीक जाळे खताच्या ढिगावर पसरले. आत शिरू पाहणारे आणि आतून बाहेर येणारे दोन्ही भुंगे जाळ्यात अडकतात. आपल्याकडेही माडाच्या बेचक्यात जुन्या जाळ्याचे तुकडे ठेवण्याची शिफारस आहे, आणि कोकणात जुन्या जाळ्यांना तोटा नाही.

कुजके खोड तिथे भुंगा, हा नियम बेटांपुरता नाही; मोठ्या भूभागावरही तो लागू पडतो. मलेशियात १९९० च्या सुमारास तेलताडाच्या मळ्यांत जुनी झाडे जाळणे बंद झाले. धुराच्या दृष्टीने निर्णय योग्य होता. पण पाडलेल्या खोडांचा चुरा शेतातच कुजू लागला आणि नव्या लागवडीत गेंड्या भुंगा उसळला. जाळणे थांबवायचेच, तर खोड कुजण्याआधी त्याचे दुसरे काहीतरी करावे लागते. हे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे.

कारण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोली भागातल्या माडा-पोफळीच्या बागा झोपल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ सिंधुदुर्ग-रत्नागिरीला घासून गेले. बागायतदाराचे पंधरा-वीस वर्षांचे उत्पन्न एका दुपारी आडवे होते, तेव्हा पडलेले खोड हलवायला मजुरीचे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न असतो. नुकसानभरपाईच्या पंचनाम्यात किती झाडे पडली याची मोजदाद होते. ती उचलायची कशी, कापायची कुठे, याची तरतूद तिच्यापाठोपाठ हवी. वादळानंतर नवी रोपे वाटणे आवश्यकच आहे. पण ज्या वाडीत कुजकी खोडे पडून आहेत तिथे नवी कोवळी रोपे लावणे म्हणजे भुंग्याला पाळणाघर आणि जेवणघर शेजारीशेजारी बांधून देणे. वादळे पुन्हा येणार आहेत. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, खोड हलवण्याचा खर्च हा पुनर्लागवडीच्या योजनेचाच भाग धरला पाहिजे.

बाजारात आता गंधसापळे मिळतात. नर भुंगा जो वास सोडून नर-मादी दोघांनाही बोलावतो, तो वास १९९० च्या दशकात ओळखला गेला आणि कारखान्यात बनू लागला. बादलीत या वासाची कुपी टांगली की भुंगे येऊन पडतात. सापळा उपयोगी आहे, पण एकट्याने लावला तर शेजारच्या बागेतले भुंगेही आपल्याकडे ओढले जातात. तो बागेच्या मध्यभागी न लावता कडेला, कोवळ्या रोपांपासून लांब लावावा आणि शक्यतो अख्ख्या वाडीने मिळून लावावा. एरंडीची पेंड पाण्यात आंबवून मडक्यात ठेवण्याचा जुना उपायही याच जातीचा. शेंड्याजवळच्या बेचक्यांत डांबराच्या गोळ्या घालून वर वाळू टाकणे, किंवा निंबोळी पेंड आणि वाळू भरणे, हे लहान माडांसाठी चांगले. दीड महिन्याने पुन्हा करावे लागते.

या सगळ्याच्या आधी मात्र ढीग. घरी माड असलेल्या प्रत्येक वाचकाला माझी विनंती आहे. मेलेला माड उभा ठेवू नका, आणि पाडल्यावर खोड कुजत पडू देऊ नका. चिरून वाशांना, कुंपणाला, सरपणाला वापरा. पावसाआधी शेणखताचा खड्डा एकदा तळापर्यंत उपसा, अळ्या कोंबड्यांपुढे टाका, हिरवी पडलेली अळी तेवढी आत राहू द्या. शेजाऱ्यालाही हे करायला सांगा, कारण त्याच्या खड्ड्यातला भुंगा रात्री तुमच्याच माडावर येतो. आणि मुंबई-पुण्याहून गावी जाणाऱ्यांनी यंदा दिवाळीला वाडीत गेल्यावर एक फेरी मागच्या अंगणात मारावी. पडके खोड दिसले, तर परत निघण्याआधी ते हलवण्याची व्यवस्था करावी.